या चुका टाळा : ‘अभ्यासात लक्ष नाही’ असे म्हणण्यापूर्वी

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याच्या रकान्यात ‘हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष नाही’ हे वाक्य मी स्वतः किती वेळा लिहिले असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. पंचवीस वर्षे प्राथमिक वर्गांवर शिकवल्यावर आणि त्यांतली बरीच वर्षे अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांबरोबर बसल्यावर मला एवढे कळले आहे, की हे वाक्य ‘ताप आहे’ या वाक्याच्या जातीचे आहे. ताप मलेरियाचा असतो तसा सुजलेल्या घशाचाही असतो. लक्ष न लागण्यामागेही कान, डोळे, झोप, रक्त, मेंदू, घरातली भीती किंवा नुसते कोवळे वय, यांपैकी काहीही असू शकते. तरीही दर वर्षी पहिल्या पालकसभेनंतर काही पालक माझ्यासमोर येऊन बसतात, ते निदान घेऊनच.

हे निदान बहुधा मोबाइलवरच्या एका मिनिटाच्या चित्रफितीतून आलेले असते आणि त्याचे नाव असते एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार. हा विकार खरा आहे, तो मेंदूच्या वाढीशी निगडित आहे आणि त्याला ‘हल्लीचे फॅड’ म्हणणाऱ्यांशी माझे अजिबात पटत नाही. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदान-नियमावलीतल्या अटी कोणी पूर्ण वाचत नाही. नऊ लक्षणांच्या दोन याद्यांपैकी किमान एकीतली सहा लक्षणे असावी लागतात, ती सहा महिने टिकलेली असावी लागतात, काही लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती दिसावी लागतात. शेवटची अट अशी, की त्यांचा उलगडा दुसऱ्या कारणाने अधिक चांगला होत नसावा. लोकांच्या नजरेतून नेमकी हीच अट सुटते. मूल शाळेत चुळबुळते आणि घरी शांतपणे तासभर चित्र काढते, तेव्हा आधी शाळेत काय बिनसले आहे ते पाहावे. उलट बाजूची चूकही तितकीच होते. ‘मोबाइल घेऊन दोन तास बसतो, म्हणजे लक्ष आहेच की,’ हा पुरावा नव्हे, कारण क्षणाक्षणाला बक्षीस देणाऱ्या खेळात एडीएचडी असलेले मूलही गुंगून जाते.

तंद्रीला आळस समजणे

या चुकीबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. स्वभावाने गरीब, अक्षर मोत्यासारखे, पण मधूनच फळ्याच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत बसायची. मुले ‘समाधी लागली’ म्हणून हसायची. मी तिच्या वहीत ‘वर्गात तंद्रीत असते’ असा शेरा दोनदा लिहिला आणि तिसऱ्यांदा तिला बाकावर उभे केले. बाकावर उभी असतानाही तिची तीच नजर लागली, तेव्हा मला राग आला, शंका मात्र आली नाही.

शंका आली ती श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना. लक्ष नसलेल्या मुलाची वही मला पाठ आहे: सुरुवातीच्या तीन ओळी नीट, मग अक्षर मोठे होत जाते, शब्द खाल्ले जातात आणि शेवटची दोन वाक्ये गायब असतात. हिच्या वहीत तसे नव्हते. ‘आजी सकाळी लवकर उठून’ इथपर्यंत सुबक अक्षर, मग ‘न’पासून निघालेली पेन्सिलीची एक बारीक रेघ खाली घसरत गेलेली, आणि लगेच पुढे तितक्याच सुबक अक्षरात ‘पाणी घालत असे’. मधले ‘अंगणातल्या तुळशीला’ नाहीच. त्या एका पानावर अशा दोन जागा होत्या. मागची पाने उलटली, तर जूनपासून तशा रेघा सापडत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून बसले. डबा खाताना तिचा घास हातातच थांबला, पापण्या भराभर लवल्या. मी नाव घेतले, खांद्याला हात लावला, तरी काही नाही. घड्याळात बारा सेकंद गेले आणि मग तिने घास तोंडात घातला, जणू काहीच झाले नव्हते. ‘बाई, तुम्ही इथे कधी आलात?’ हा तिचा प्रश्न मी अजून विसरलेले नाही.

आईला मोबाइलवर अशा थांबण्याची चित्रफीत काढायला सांगितली, आणि ती व वही घेऊन आईवडील तिला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिला कागदाची भिंगरी सलग तीन मिनिटे फुंकायला लावली. तीन मिनिटे पुरी होण्याआधीच भिंगरी थांबली आणि तीही थांबली. (जोरजोरात श्वास घ्यायला लावून झटका आणण्याची ही तपासणी डॉक्टरांसमोरच करायची असते, कृपया घरी प्रयोग करू नका.) मेंदूच्या विद्युत आलेखात सेकंदाला तीन या गतीच्या ठरावीक लहरी दिसल्या. याला ‘ॲब्सेन्स’ प्रकारचा अपस्मार, म्हणजे फिट, असे म्हणतात. ती बहुधा चार ते दहा वर्षांच्या दरम्यान सुरू होते, मूल पडत नाही की हातपाय झाडत नाही, आणि उपचार नसतील तर असे झटके दिवसातून डझनभर किंवा त्याहूनही जास्त येऊ शकतात. म्हणजे ज्या मुलीला मी ऐकत नाही म्हणून उभे केले, तिच्यापर्यंत माझी निम्मी वाक्ये पोहोचतच नव्हती.

दिवास्वप्नात रमलेले मूल हाक मारल्यावर, निदान स्पर्शाने तरी परत येते, आणि ते रमते कंटाळ्याच्या वेळी. हा झटका मात्र बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर, खेळताना, घास घेताना कधीही येतो आणि हाकेने मोडत नाही. आणखी एक गोष्ट: नात्यातल्या कोणाला फिटची गोळी चालू आहे म्हणून तीच मुलाला देण्याचा आगाऊपणा करू नये. कार्बामॅझेपिनसारखे औषध दुसऱ्या प्रकारच्या फिटवर चांगले असले, तरी या प्रकारात झटके वाढवू शकते.

कान आणि डोळे गृहीत धरणे

‘ऐकू तर येते त्याला, टीव्हीचा आवाज बरोबर ऐकतो,’ असे सांगणाऱ्या पालकांना मी टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते विचारते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो. कान दुखत नाही, वाहत नाही, पण ऐकू येणे साधारण वीस-तीस डेसिबलने कमी होते. अशा मुलाला आवाज येतो, शब्द निसटतात, आणि सर्दी कमी-जास्त होईल तसे हे बदलत राहते, म्हणूनच त्याच्यावर ‘हवे तेव्हा बरोबर ऐकतो’ असा आरोप होतो. टिंपॅनोमेट्री नावाच्या छोट्याशा तपासणीत हे कळते. पुष्कळ मुलांत तीन महिन्यांत द्रव आपोआप ओसरतो, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. त्या तीन महिन्यांत मुलाला पहिल्या बाकावर बसवणे ही शाळेची जबाबदारी आहे, ‘उंच आहे, मागच्यांना दिसत नाही’ ही सबब चालणार नाही.

डोळ्यांच्या बाबतीत एवढेच, की शाळेतला लांबचा तक्ता वाचता आला म्हणजे डोळे ठीक, असे नसते. ज्याचा जवळचा नंबर आहे ते मूल तो तक्ता सहज वाचते आणि पुस्तक उघडल्यावर दहा मिनिटांत डोळे चोळू लागते.

झोपेचे गणित न करणे

एका चौथीतल्या मुलाच्या वडिलांनी एकाग्रतेच्या वर्गाची जाहिरात माझ्यापुढे ठेवली आणि तो वर्ग लावावा का, असे विचारले. मी मागच्या कोऱ्या बाजूला मुलाचा दिवस लिहून काढला. सकाळची शाळा सातची, गाडी सव्वासहाला, म्हणून उठणे साडेपाचला. संध्याकाळी शिकवणी, तिथून परत साडेआठला, जेवण, गृहपाठ, मग ‘थोडा वेळ’ मोबाइल, आणि झोप अकराला. बेरीज साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले आहे आणि आपल्या आज्या ते त्याआधीपासून सांगत होत्या. झोप अपुरी पडली की मोठा माणूस पेंगतो, मूल मात्र पुष्कळदा उलट वागते. ते जास्त चुळबुळते, चिडते, उड्या मारते. ज्याला आपण अतिचंचल म्हणतो ते कधी कधी दमलेले मूल असते.

त्या मुलाची झोप मोजून झाल्यावर मी विचारले, घोरतो का? वडील हसून म्हणाले, ‘बाई, आमच्या घरात सगळेच घोरतात.’ मुलाचे तोंड तेव्हाही उघडेच होते. वाढलेल्या अडेनॉइड (नाकामागच्या गाठी) आणि टॉन्सिलमुळे रात्री श्वास अडकतो आणि झोप शंभर ठिकाणी तुटते. त्याचे शस्त्रक्रियेने बरेच भले झाले, पण म्हणून शस्त्रक्रिया हा एकाग्रतेचा उपाय, असा उलटा निष्कर्ष काढू नये. अमेरिकेत पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचा जो मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात शस्त्रक्रियेनंतर झोप आणि वागणूक सुधारली, मात्र अवधानाच्या औपचारिक चाचणीत शस्त्रक्रिया न करता थांबून राहिलेल्या मुलांपेक्षा ठळक फरक पडला नाही. हा तपशील मी मुद्दाम सांगते, कारण एक कारण सापडले की सगळे त्याच्याच गळ्यात बांधण्याची घाई आपल्याला फार असते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

रक्त न तपासता टॉनिक आणणे ही त्यांतली नेहमीची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. ती मुले आता शाळेत आहेत. हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातला लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून फेरिटिन बघायचे का, ते डॉक्टरांना विचारावे. शाळेत मिळणारी लोहाची गोळी चहाबरोबर देऊ नये, आणि मनाने दुप्पटही देऊ नये. उंची वाढत नाही, बद्धकोष्ठ आहे, थंडी फार वाजते आणि मूल मंदावले आहे, तर थायरॉइड तपासून घ्यावे.

सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधे महिनोन्‌महिने चालू ठेवून ‘वर्गात झोपतो’ अशी तक्रार करू नये.

वाचताच येत नसलेल्या मुलाला ‘वाचनात लक्ष नाही’ म्हणणे ही शिक्षकांची खास चूक. मी तोच धडा मोठ्याने वाचून दाखवते आणि तोंडी प्रश्न विचारते. उत्तरे धडाधड आली, तर लक्ष जागेवर आहे आणि अडचण अक्षरांत आहे. अशा अध्ययन-अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्थान आहे; तपासणी करून घेण्यात कमीपणा नाही.

मुलाचा जन्ममहिना न बघणे ही चूक मला फार उशिरा कळली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये शाळाप्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही वयाची सीमा आहे. तिथल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या २०१२ मधल्या अभ्यासात, जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचे निदान मिळण्याची शक्यता ३० टक्क्यांनी आणि मुलींना ७० टक्क्यांनी जास्त आढळली. महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरच धरतात. वर्गातल्या सगळ्यांत धाकट्या मुलाची तुलना जवळजवळ वर्षभराने मोठ्या मुलाशी करून आपण ‘पोरकट’ म्हणतो, तेव्हा पोरकट कोण ते ठरवणे अवघड आहे.

घर तपासायचे राहून जाते. एका मुलाचे लक्ष फक्त सोमवारी उडत असे; रविवारी रात्री घरी काय घडत असे, ते त्याने मला चित्र काढून सांगितले.

साखर बंद करून चंचलपणा जाईल, ही आशा सोडावी. नियंत्रित प्रयोगांच्या १९९५ मधल्या एकत्रित विश्लेषणात साखरेचा वागणुकीवर परिणाम दिसला नाही. दातांसाठी बंद करायची तर जरूर करावी. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांविषयी लिहिण्याइतका संयम माझ्याकडे नाही.

आणि सगळी तपासणी होऊन एडीएचडीच निघाला, तर डॉक्टरांनी सुचवलेले औषध ‘सवय लागेल’ म्हणून परस्पर बंद करणे, हीदेखील चूकच.

मी काय करते

माझी पद्धत शास्त्रीय वगैरे नाही. दोन आठवडे एक साधी वही ठेवायला सांगते: वेळ, काय चालू होते, आधी काय घडले, किती वेळ टिकले. निम्मे पालक तिसऱ्या दिवशीच फोन करतात, ‘बाई, काही कळले का?’ तीन दिवसांत काही कळत नाही. ज्यांनी चौदा दिवस लिहिले, त्यांना बहुतेक वेळा मी न सांगता काहीतरी दिसते. जेवणाआधीचा तास, गणिताचीच तासिका, आजोळहून परतल्यावरचा आठवडा.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्या दिवशी मुलाला ‘कुठे रांगेत उभा राहतो’ म्हणून घरी ठेवू नका. पथकाने चिठ्ठी दिली, तर पुढची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत होतात. जाताना दिवसांची नोंद, असल्यास चित्रफीत, आणि मुलाची शाळेची वही न्यावी. वही मात्र आदल्या रात्री बसून पूर्ण करून घेऊ नका, खाडाखोड खोडू नका. जशी आहे तशीच न्या.