ट्रेलर जोडून पोर्ट हार्डी, तिथून जहाजाने प्रिन्स रूपर्ट: चौघांच्या सहलीची तयारी

गाडीमागे राहण्याजोगा ट्रेलर ओढत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही फेरी अशी: व्हँकूव्हरहून बोटीने व्हँकूव्हर बेटावरचे नानाइमो, तिथून हायवे १९ ने बेटाच्या उत्तर टोकाला पोर्ट हार्डी. पुढे बीसी फेरीज कंपनीच्या, गाड्याही नेणाऱ्या जहाजाने इनसाइड पॅसेज या बेटांमधल्या जलमार्गाने प्रिन्स रूपर्ट आणि परत येताना हायवे १६ व ९७. सगळ्या सहलीचा हिशेब दोन आकड्यांवर ठरतो: जोडलेल्या गाडीची खरी लांबी आणि भरलेल्या ट्रेलरचे खरे वजन. दोन्ही घरी मोजा. माहितीपत्रकातले आकडे रिकाम्या ट्रेलरचे असतात.

आधी दिशा. जाताना जहाज, येताना रस्ता. जहाजाची तारीख पक्की असते, रस्त्याची नसते. बोटीपर्यंतचा प्रवास जितका छोटा, तितका ती चुकण्याचा धोका कमी. नानाइमो ते पोर्ट हार्डी जेमतेम ४०० किलोमीटर आहे. उलट दिशेने गेलात तर व्हँकूव्हर ते प्रिन्स रूपर्ट सुमारे १५०० किलोमीटर, आणि मध्ये कुठे बेअरिंग गेले की आरक्षण बुडाले. नानाइमोला जायला त्सावासन धक्क्यावरून ड्यूक पॉइंट धक्क्याची बोट घ्या. म्हणजे ट्रेलर ओढत व्हँकूव्हरच्या आणि नानाइमोच्या भर गर्दीतून जावे लागत नाही.

लांबी मोजायला दोघे लागतात. ट्रेलर जोडा, एकाने टेपचे टोक गाडीच्या पुढच्या बंपरला धरायचे, दुसऱ्याने ट्रेलरच्या मागच्या शेवटच्या वस्तूपर्यंत जायचे. तिथे सायकलचा रॅक किंवा स्टेपनी असेल तर तीही धरायची. ट्रेलरच्या नावातला '२२' हा आकडा पुष्कळदा फक्त खोक्याचा असतो. पुढचा दांडा धरला की तीनचार फूट वाढतात. ठरावीक लांबीच्या पुढे भाडे फुटागणिक आहे. धक्क्यावर लांबी जास्त निघाली तर फरक भरावा लागतो आणि जागा नसेल तर जहाजात घेतीलच असे नाही. उंचीही विचारतात, ७ फुटांच्या वरचे वाहन वेगळ्या गटात जाते. छतावरचा एसी विसरू नका, ट्रेलरची उंची तिथेच सगळ्यात जास्त असते.

आता वजन. मोठ्या वजनकाट्यावर तीन वजने घ्या. पहिले फक्त गाडीचे, सगळे जण आत बसलेले. दुसरे ट्रेलर जोडून, पण काट्यावर फक्त गाडीची चाके आणि हिचच्या (गाडी-ट्रेलर जोडणाऱ्या सांध्याच्या) स्प्रिंग बार, म्हणजे वजन विभागणाऱ्या दांड्या, सैल. तिसरे दोन्हींचे मिळून. समजा २,९००, ३,२२० आणि ५,६०० किलो आले. दुसऱ्यातून पहिले वजा केले की हिचवरचा भार ३२० किलो. तिसऱ्यातून पहिले वजा केले की ट्रेलर २,७०० किलो. म्हणजे भार साधारण १२ टक्के, आणि हवा असतो १० ते १५ टक्के. याच्या खाली गेला की वेगात ट्रेलर शेपटी हलवू लागतो. पंधराच्या वर गेला की गाडीचे मागचे स्प्रिंग बसतात आणि पुढची चाके हलकी होतात.

मित्रमंडळींची गफलत होते ती पुढच्या हिशेबात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडी किती किलो माणसे-सामान पेलते ते लिहिलेले असते. समजा तो आकडा ६८० आहे. चार माणसे ३००, हिचवरचा भार ३२०, वजन विभागणाऱ्या हिचचे स्वतःचे ४०. झाले ६६०. उरले २० किलो. एक भरलेला कूलर ठेवला की गाडी भरली, मग भले कंपनीने ओढण्याची क्षमता ४,००० किलो लिहिलेली असो. उपाय दोनच. जड सामान ट्रेलरमध्ये आसाच्या वर ठेवा, नाहीतर दोघांनी दुसरी गाडी घ्या. दुसरी गाडी बोटीवर महाग पडते, तरी ट्रेलर तळावर ठेवून दिवसभर फिरायचे असेल तर आमचे मत तिच्याच बाजूने.

पाण्याची टाकी हा यातला लपलेला भार. १५० लिटर म्हणजे १५० किलो. टाकी आसाच्या मागे असेल तर ती भरताच हिचवरचा भार घटतो आणि सकाळपर्यंत सरळ चालणारा ट्रेलर दुपारी डुलू लागतो. प्रांतीय उद्यानांतल्या बहुतेक जागांना वीज-पाण्याची जोडणी नसते, म्हणून पाणी लागतेच. पण ते मुक्कामाच्या जवळ येऊन भरावे.

ट्रेलर डुललाच तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने उलटसुलट सावरायला जायचे नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या गाडीतल्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ती कळ कुठे आहे हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आधी बघून ठेवावे. ब्रिटिश कोलंबियात १,४०० किलोंवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. ४,६०० किलोंच्या पुढे लायसन्सवर वेगळी नोंदही लागते.

निघायच्या दिवशी जोडणीचा क्रम एकानेच पार पाडावा आणि दुसऱ्याने तपासावा. कपलर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची खोबण) गाडीच्या हिचवरच्या बॉलवर पूर्ण बसला की खिटी घाला, मग पुढचा जॅक थोडा वर करा. गाडीचे मागचे टोक ट्रेलरसकट उचलले गेले तर पकड खरी. साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या आडव्या लावा, म्हणजे कपलर सुटला तरी दांडा त्यांच्यावर टेकतो. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) साखळीला नाही, गाडीलाच अडकवा. दिवे बघा. चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा आणि पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नका. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. असा टायर बदलूनच निघा.

जहाज उन्हाळ्यात सकाळी लवकर सुटते आणि सुमारे १६ तासांनी, रात्री उशिरा पोचते. म्हणून आदली रात्र पोर्ट हार्डीतच काढा. प्रिन्स रूपर्टला मात्र एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशी जागा राखून ठेवा; मध्यरात्री दमलेल्या चौघांनी अंधारात ट्रेलर रिव्हर्स घेणे म्हणजे भांडणाला आमंत्रण.

चढण्यापूर्वी गॅसचे सिलिंडर बंद करायचे. ते असल्याचे धक्क्यावर सांगावेही लागते. फ्रिज १२ व्होल्टवर टाकून देऊ नका. गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज बॅटरीवर दहा अँपिअरहून जास्त ओढतो, १०० अँपिअर-तासांची बॅटरी जहाज पोचण्याआधीच बसते. आदल्या दिवशी तो पुरता गार करा, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आत भरा, दार उघडू नका. गाडीतून ट्रेलरला वीज देणारी सात पिनांची वायर काढून ठेवा. गाडीचा अलार्म बंद करा, नाहीतर जहाज हलले की वाजत बसतो. प्रवासात वाहनांच्या डेकवर मनाला येईल तेव्हा जाता येत नाही, तेव्हा स्वेटर, औषधे, चार्जर आणि दुर्बीण खांद्यावरच्या पिशवीत घ्या.

प्रिन्स रूपर्टला भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सात मीटरपर्यंत बदलते. ओहोटीला उतारपूल तिरका असतो आणि जिथे तो जहाजाला भेटतो तिथे लांब ट्रेलरचे मागचे टोक घासते. सांडपाण्याचा व्हॉल्व्ह तिथेच खाली लोंबत असतो. अगदी हळू जा, एकाला बाजूने बघायला सांगा.

मळमळीची गोळी क्वीन शार्लट साउंडच्या तासभर आधी घ्या. या वाटेवर उघडा समुद्र लागतो तो मुख्यतः तिथेच. पुढे बेटांच्या आडोशाने पाणी शांत होते. ग्रेनव्हिल चॅनेलमध्ये दोन्ही बाजूंचे डोंगर इतके जवळ येतात की दुर्बीण नसली तरी चालते. पण तोवर संध्याकाळ होते. जेवण त्याआधीच उरकून पुढच्या खिडक्या धरा.

परतीच्या हायवे १६ वर प्रिन्स जॉर्जपर्यंत सुमारे ७२० किलोमीटर आहेत. एका दिवसात मारू नका, स्मिदर्सला मुक्काम करा. पुढे कॅश क्रीकहून होपकडे फ्रेझर नदीच्या दरीतून उतरताना उताराच्या आधीच खालचा गिअर टाका. ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत पाय ठेवला की ब्रेक तापून धरेनासे होतात. खाली थांबल्यावर चाकाच्या मध्यभागी हात जवळ न्या. ट्रेलरच्या चारांपैकी एकच चाक जास्त गरम लागले तर ते बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक आहे, आणि ते बघितल्याशिवाय पुढे निघायचे नाही.