परसातली लाकडी शेड थंड कशी ठेवावी, आणि तिच्या दोन खोल्या कशा कराव्यात

नाशिकमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याचं छप्पर असलेली लाकडी शेड बसण्यालायक राहत नाही. बहुतेक जण मग भिंतींना थर्माकोल लावून मोकळे होतात. तो खर्च पुरेसा कामाला येत नाही, कारण लाकडाची फळी ऊन सावकाश आत सोडते. खरी धग येते ती डोक्यावरच्या पत्र्यातून. पैसे मोजकेच असतील तर ते आधी छपरावर घाला.

काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा. पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या तोवर आक्रसलेल्या असतात, त्यामुळे खऱ्या फटी दिसतात. त्या सीलंटने बुजवा. मग खालच्या फळ्यांना पेचकस टोचून पाहा. टोक सहज आत गेलं किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी समजा. तिचा बंदोबस्त होईपर्यंत आतून काहीही झाकू नका. प्लायमागे ती कुणाला दिसायची नाही.

पार्टिशनची चौकट छताचं प्लाय ठोकण्याआधी उभी करा. ती थेट वाशांना भिडली पाहिजे, नाहीतर एका खोलीतली गरम हवा वरून दुसरीत जाते. उभ्या पट्ट्या मध्यापासून मध्यापर्यंत दोन-दोन फुटांवर घ्या, म्हणजे 8 बाय 4 च्या शीटचा प्रत्येक सांधा पट्टीवरच येतो. शेडची जमीन क्वचितच समपातळीत असते. म्हणून प्रत्येक पट्टी तिच्या जागेवर मोजून कापा आणि ओळंबा लावून बसवा. वायरिंगही याच वेळी पाईपातून ओढून घ्या. थर्माकोलला चिकटून राहिलेल्या पीव्हीसी वायरचं आवरण काही वर्षांत कडक होऊन तडकतं.

आता छप्पर. वासे तीन इंची असतील तर त्यांच्यामध्ये 50 मिमी रॉकवूल (दगड वितळवून केलेली, उष्णता अडवणारी लोकर) बसवा आणि पत्र्याखाली इंचभर जागा मोकळी सोडा. ही मोकळी जागा भरून टाकायचा मोह होतो, पण तीच हवा वाहून नेते. पन्हाळीजवळ आणि आढ्याशी जाळी लावलेली फट ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. पाकोळ्या, उंदीरही आत शिरणार नाहीत. रॉकवूल थर्माकोलपेक्षा महाग पडतं, पण पेट घेत नाही, आणि लाकडी शेडमध्ये मी दुसरं काही सुचवणार नाही. हाताळताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. खालून 6 मिमी प्लाय स्क्रूने लावा; पुढे छप्पर गळलं तर ते काढता येतं.

भिंतींचं काम याच पद्धतीने होतं. फक्त रॉकवूल बाहेरच्या फळीला दाबून बसवू नका, वाऱ्याबरोबर आत आलेलं पावसाचं पाणी सुकायला थोडी जागा लागते. प्लायची खालची कड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा. ओल पोचेल तिथे आयएस 710 या भारतीय मानकाचं, पाण्याला टिकणारं मरीन प्लाय वापरा.

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेची औषधं बऱ्याचदा अशाच शेडमध्ये राहतात. पार्टिशनने माणसाची नजर अडते, वाफ अडत नाही. औषधाच्या भागाला दार बाहेरून वेगळं द्या, बसायच्या खोलीत उघडणारं नको. त्या भागाची खिडकी उलट्या बाजूला काढा, पार्टिशनचे सांधे दोन्हीकडून सीलंटने बंद करा आणि दाराला मुलांच्या हाताबाहेर कुलूप लावा.