गुजरातचं ओव्हरस्पीडिंगचं चलान पुण्यात बसून भरलं, माझा अनुभव

दिवाळीत कारने अहमदाबादला गेलो होतो, येताना कुठेतरी कॅमेऱ्यात सापडलो आणि महिन्याभराने मेसेज आला, २००० रुपये. आधी वाटलं फ्रॉड असेल, कारण आरटीओ चलान नावाची एपीके (अॅप इन्स्टॉल करायची) फाइल व्हॉट्सअॅपवर फिरतेय ती उघडली की खातं साफ, म्हणून लिंकला हातच लावला नाही.

महाराष्ट्राच्या ई-चलान साइटवर काहीच दिसेना. मग केंद्र सरकारच्या परिवहनच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चॅसिसचे शेवटचे ५ आकडे टाकले तर फोटोसकट चलान हजर, गाडी माझीच 😅 पण ओटीपी जाणार बाबांच्या जुन्या बंद नंबरवर! आरसीला मोबाइल नंबर बदलण्यात दोन दिवस गेले, तोवर चलान व्हर्च्युअल कोर्टात (चलानाच्या केसेस ऑनलाइन चालवणारं कोर्ट) गेलेलं. तिथे आपलं राज्य नाही, चलान फाडलं ते राज्य निवडायचं, मी आधी महाराष्ट्रच शोधत बसलो. कंटेस्ट करायचा ऑप्शन असतो पण मग केस तिकडच्या कोर्टात, कोण जाणार? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये ओव्हरस्पीडिंगला कारसाठी १००० ते २००० दंड आहेच, गुपचूप भरला. पावतीचा पीडीएफ जपून ठेवलाय.