वैचारिक निबंधातली क्रियाविशेषणे: पुराव्याच्या मापाचा शब्द निवडायला कसे शिकवावे

आठवी ते दहावीच्या मुलांना क्रियाविशेषण अव्ययाचे प्रकार पाठ असतात. कालवाचक, स्थलवाचक, रीतिवाचक, परिमाणवाचक. अव्यय ओळखा म्हटले की बिनचूक ओळखतात. तीच मुले वैचारिक निबंधात मात्र 'नेहमी', 'पूर्णपणे', 'नक्कीच', 'अजिबात' एवढ्या चार शब्दांवर सगळा वाद रेटतात. प्रकार शिकवताना एक गोष्ट सांगायची राहून जाते: मत मांडताना क्रियाविशेषण हे विधानाचे माप असते. हातात जेवढा पुरावा, तेवढ्याच मापाचा शब्द घ्यायचा. पुढची आखणी ३५ मिनिटांच्या चार तासिकांत बसते.

पहिली तासिका: एका वाक्याची उलटतपासणी

विषय मुलांच्या डोळ्यांसमोरचा हवा. कोल्हापुरात 'पूररेषेच्या आत नवीन घरे बांधू द्यावीत का?' हा विषय उत्तम चालतो. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी पावसाळ्यात रोज कानावर पडते, आणि दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे भरपूर आहे. 'मोबाइल : शाप की वरदान' टाळा. त्यावर पाठ केलेली वाक्ये येतात आणि ती कशाशी ताडून पाहता येत नाहीत.

दहा मिनिटे मुलांना काहीही न सांगता सहा ओळी लिहू द्या. मग हमखास सापडणारे एक वाक्य फळ्यावर घ्या: 'कोल्हापुरात दरवर्षी महापूर येतो.' फक्त एवढेच विचारा, 'कोणकोणत्या वर्षी आला?' २००५, २०१९, २०२१ ही उत्तरे येतात. 'दरवर्षी' तिथेच पडतो. कुणी 'वारंवार' सुचवेल, तर दुसरा पहिल्या दोन पुरांतले १४ वर्षांचे अंतर दाखवेल. 'क्वचित' म्हणावे, तर २०१९ आणि २०२१ मध्ये दोनच वर्षे. ही ओढाताण दहा मिनिटे चालू द्या, उत्तर देऊ नका. शेवटी वाक्य साधारण असे होते: 'कोल्हापुरात २००५ नंतर १४ वर्षांनी महापूर आला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी पुन्हा आला.' यात 'पुन्हा' एवढेच उरले, बाकीचे काम आकड्यांनी केले. नेमका आकडा हाताशी असेल तर तोच वापरावा, हे मुलांना इथे आपोआप कळते.

दुसरी तासिका: शिड्या

सहा-सहा मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला सहा चिठ्ठ्या: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, अनेकदा, बहुतेकदा, नेहमी. मुलांनी चिठ्ठी हातात धरून कमी ते जास्त असे ओळीने उभे राहायचे. दुसरी शिडी खात्रीची: कदाचित, बहुधा, निश्चितच. तिसरी व्याप्तीची: अंशतः, मुख्यतः, बहुतांशी, पूर्णपणे. 'मुख्यतः' आणि 'बहुतांशी' यांत वर कोण यावर वाद झाला तर चांगलेच. दोघांना शेजारी उभे करा.

मग एक विधान द्या: 'नदीकाठच्या बांधकामांमुळे पूर येतो.' यात कोणती पायरी बसते? मुले पावसाचा जोर, धरणांतून सुटणारे पाणी, ओढ्या-नाल्यांतले भराव अशी इतर कारणे काढतात. म्हणजे 'पूर्णपणे' गेले. 'मुख्यतः' म्हणायचे तर इतर कारणांशी तुलना दाखवावी लागेल, आणि ती नववीच्या मुलाकडे नसते. 'अंशतः' टिकते. मुलांना वाटते की यामुळे आपली बाजू कमजोर झाली. त्यांना समोरच्या पक्षाकडून बोलायला लावा. 'पूर्णपणे' एका उदाहरणात खोडता येते, 'अंशतः' खोडायला घाम फुटतो.

तिसरी तासिका: शब्दाची जागा

इथे घाई करू नका. फळ्यावर ही तीन वाक्ये एकाखाली एक लिहा. सुतारवाडा आणि शाहूपुरी हे कोल्हापुरातले पुराचे पाणी शिरणारे भाग.

फक्त महापालिकेने सुतारवाड्यातल्या कुटुंबांना घरे द्यावीत.
महापालिकेने फक्त सुतारवाड्यातल्या कुटुंबांना घरे द्यावीत.
महापालिकेने सुतारवाड्यातल्या कुटुंबांना फक्त घरे द्यावीत.

पहिल्यात राज्य सरकार सुटले, दुसऱ्यात शाहूपुरीतले पूरग्रस्त वगळले गेले, तिसऱ्यात रोख मदत गेली. शब्द एकच, मागण्या तीन. 'च' आणि 'सुद्धा' घेऊन हेच करून पाहा. 'फक्त' व्याकरणाच्या कोणत्या खान्यात बसतो याची चर्चा या तासाला नको, नाहीतर तास तिथेच संपतो.

चौथी तासिका: समोरच्याचे मान्य करणे

मुले जोरदार शब्द सगळे स्वतःच्या बाजूला खर्च करतात. एक तरी समोरच्यासाठी वापरायला लावा: 'पिढ्यान्‌पिढ्यांची जागा सोडणे निश्चितच अवघड आहे, पण त्याच जागेत नवीन खोल्या चढवल्याने धोक्यातली माणसे वाढतात.' जे खरोखर निर्विवाद आहे तिथे 'निश्चितच' खर्च झाला, आणि पुढच्या 'पण'ला वजन आले. 'खरे तर' किंवा 'वस्तुतः'ने वाक्य सुरू करायचे असेल तर खोडायचे मत आधीच्या वाक्यात आलेले हवे, हा नियम लावा. नाहीतर ते शब्द नुसते घसा खाकरण्यापुरते उरतात.

मग पहिल्या दिवशीच्या सहा ओळी पुन्हा लिहायला द्या. १५० शब्दांना तीन ते पाच क्रियाविशेषणे पुरतात. प्रत्येकावर बोट ठेवून वाक्य त्याच्याशिवाय वाचायचे. अर्थ तसाच राहिला तर शब्द खोडायचा.

नेहमी चुकते ते

'शक्यतो' आणि 'बहुधा' यांची अदलाबदल सर्वांत जास्त होते. 'शक्यतो उद्या पाऊस येईल' हे चूक. 'शक्यतो' म्हणजे 'जमेल तितके', तो माणसाच्या करण्याला लागतो, पावसाला नाही. 'कदाचित नक्कीच' अशी जोडी आली तर मुलाला एकच बाजू निवडायला सांगा. 'क्वचितच' मध्ये नकाराची छटा आधीच आहे. 'क्वचितच मिळत नाही' लिहिले की अर्थ उलटतो. 'जलदपणे', 'हळूपणे' ही रूपे ओढूनताणून केलेली. 'झटपट', 'हळूहळू' तयार आहेत.

'लई नुकसान झालं' हे मुलांच्या तोंडचे वाक्य चुकीचे म्हणून हिणवू नका. बोलीत ते पक्के आहे. निबंधात 'लई' काढून 'अत्यंत' घातले तरी पुरावा वाढत नाही, म्हणून विचारा, 'म्हणजे किती? घरात पाणी किती दिवस होते?' उत्तर आले की तेच लिहायला सांगा.

'अंशतः', 'विशेषतः' यांतला विसर्ग संगणकावर टंकताना मुले अपूर्णविरामाचे चिन्ह टाकतात. कीबोर्डवरची विसर्गाची कळ एकदा दाखवून द्या. वह्या तपासताना लाल शाईने योग्य शब्द लिहून देऊ नका. शब्दाखाली रेघ मारून समासात एवढेच लिहा: 'किती वेळा?', 'कशावरून?', 'सगळेच?' दुरुस्ती मुलानेच करायची, आणि ती झाल्यावरच गुण द्यायचे.