परदेशातल्या बसमध्ये कंडक्टर येणार नाही

लातूर-नांदेडकडचे आई-वडील आता दोन-तीन महिने लेकाकडे लंडनला, लेकीकडे म्युनिकला जाऊन राहतात. पोरं दिवसभर कामावर, तेव्हा घरात बसून राहायचं नसेल तर तिथली बस-रेल्वे शिकून घ्यावी. एसटीची एक सवय मात्र मोडावी लागते: आधी जागा धरू, तिकिटाचं मग बघू. तिकडं तिकीट फाडायला कुणी येत नाही. आलाच तर दंड लावायला येतो.

निम्मी तयारी गावातच होते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशिनपुरतं चालू असतं. परदेशातला वापर आणि कार्ड नुसतं टेकवून पैसे देणं, या दोन्ही सोयी बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत सांगून चालू कराव्या लागतात. हे निघण्याआधीच करा. तिकडं सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही. रुपे कार्ड लंडनच्या बसमध्ये चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं. आणि नवरा-बायकोला कार्ड वेगवेगळं. एकाच कार्डावर दोघांचा प्रवास होत नाही.

लंडनच्या बसमध्ये जुलै 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत. पुढच्या दारानं चढायचं, ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोलावर कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा आणि आवाज आला की पुढं सरकायचं. उतरताना टेकवायचं नाही, कारण बसचं भाडं कुठंही उतरा, सारखंच. भुयारी रेल्वेचं भाडं मात्र झोनवर ठरतं, म्हणून जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा टेकवावं लागतं. बाहेर पडताना विसरलात तर मशिनला तुम्ही कुठं उतरलात ते कळत नाही आणि ते जास्तीत जास्त भाडं कापून मोकळं होतं. काही स्टेशनांवर फाटकच नसतं, कार्ड टेकवायचा नुसता खांब असतो. नेमकं तिथंच विसरायला होतं. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना मोबाइल टेकवला, तर त्या दोन अर्धवट फेऱ्या धरल्या जातात, मग मोबाइलमध्ये कार्ड तेच का असेना. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर दुसऱ्यांदा भाडं लागत नाही, पण तेही तेच कार्ड टेकवलं तरच. (सिंगापूरला बसचं भाडं अंतरावर असतं, तिथं उतरतानाही टेकवा.)

जर्मनीत फाटक नाही, म्हणून फुकट वाटतं. तपासनीस साध्या कपड्यांत असतो आणि दंड 60 युरो. म्युनिक-बर्लिनमध्ये कागदी तिकीट काढलं तरी काम संपत नाही. ज्यावर शिक्का मारायचा असतो ते तिकीट फलाटावरच्या किंवा बसमधल्या छोट्या पेटीत सरकवून वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. कोरं तिकीट रोज वापरता येईल, म्हणून ते विनातिकीटच धरतात. महिनाभर फिरायचं असेल तर डॉइचलँड-टिकेट बरं: 2026 पासून महिना 63 युरो, देशभरच्या शहरी बस, ट्राम आणि लोकल गाड्यांत चालतं, आयसीई-आयसीसारख्या जलद गाड्यांत नाही. ते दर महिन्याला आपोआप पुढं चालू राहतं. चालू महिन्याच्या 10 तारखेपर्यंत बंद केलं नाही, तर तुम्ही परभणीत पोचल्यावरही पैसे कापले जातील.

एसटीत पंचाहत्तरीनंतर फुकट आणि बायकांना अर्धं तिकीट असतं, तसं तिकडं गृहीत धरू नका. लंडनचा साठीपुढचा पास तिथं कायम राहणाऱ्यांनाच मिळतो.

जर्मनीत रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळं आपण सवयीनं रस्त्याच्या उलट्या बाजूच्या थांब्यावर जाऊन उभं राहतो आणि बस दुसरीकडं घेऊन जाते. नुसता नंबर पाहू नका, बसच्या कपाळावरचं शेवटच्या थांब्याचं नाव जुळवा. उतरायच्या एक थांबा आधी दांड्यावरचं बटण दाबा. रेल्वेचं दारही बऱ्याचदा बटण दाबल्यावरच उघडतं. ते आपोआप उघडेल म्हणून उभं राहिलात तर गाडी निघून जाते. फाट्यावर हात केला की थांबणारी बस तिकडं नाही. लंडनला हात करायचा, पण थांब्यावरच.

रविवारी गाड्या कमी असतात. निघण्याआधी परतीची शेवटची गाडी मोबाइलमध्ये पाहून तिचा स्क्रीनशॉट ठेवा. तपासनिसानं धरलंच तर वाद घालू नका. पासपोर्ट दाखवा, पावती मागा, आणि पावतीशिवाय हातात रोख पैसे देऊ नका.