हळदीची पट्टी पायथनमध्ये: ऑपरेटर कुठे फसवतात आणि डेटाचा प्रकार कधी बदलायचा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकली की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. पोती किती, वजन किती, क्विंटलला भाव काय, हमाली किती कापली आणि हातात किती आले. एवढा हिशेब पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला करायला लावला तर नवशिक्याला लागणारे जवळपास सगळे ऑपरेटर, म्हणजे '+', '*', '/' सारखी चिन्हं, त्यात येऊन जातात. चुकाही येतात.

आधी लिहिण्याची पद्धत. पुढच्या कोडमध्ये इनपुट (विचारून घेणारा), इंट (पूर्णांक करणारा), फ्लोट (दशांश आकडा करणारा), प्रिंट (दाखवणारा) हे पायथनचे शब्द वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना ते रोमन छोट्या अक्षरांत करा, आणि कोडमधले आकडेही इंग्रजी अंकांत (1, 2, 3). व्हेरिएबलची नावं मात्र आहेत तशी मराठीत ठेवा. पायथन ३ ला 'पोती', 'भाव' ही नावं चालतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत देवनागरी तुटक दिसली तर आयडल ही पायथनसोबत येणारी खिडकी वापरा. भाव, बारदान (रिकाम्या पोत्याचं वजन), हमाली हे आकडे उदाहरणापुरते आहेत, आजचा बाजारभाव नव्हे.

पोती = इंट(इनपुट("पोती किती? "))
वजन = फ्लोट(इनपुट("एकूण वजन किलोत? "))
भाव = फ्लोट(इनपुट("क्विंटलचा भाव? "))
निव्वळ = वजन - पोती * ०.५
रक्कम = निव्वळ * भाव / १००
हाती = रक्कम - पोती * ८
प्रिंट("हाती आले:", हाती)

२३ पोती, ११६१.५ किलो, भाव १४२०० असं भरून बघा. बारदानाचे अर्धा किलोप्रमाणे साडेअकरा किलो गेले, निव्वळ ११५० किलो राहिलं. रक्कम १,६३,३००. हमाली १८४ वजा जाऊन उत्तर १६३११६.० असं येईल. शेवटचा '.०' का आला ते पुढे येईलच.

पहिल्या तीन ओळींतले इंट आणि फ्लोट काढले तर काय होतं? इनपुट जे देतो ते नेहमी स्ट्रिंग असतं, म्हणजे अक्षरांची माळ. तुम्ही २३ टाइप केलं तरी पायथनच्या लेखी ते दोन आणि तीन ही दोन अक्षरं. ऑपरेटर समोरच्या मालाचा प्रकार बघून काम ठरवतो: '+' आकड्यांची बेरीज करतो, स्ट्रिंग मात्र एकापुढे एक चिकटवतो. म्हणून "२३" + "१०" म्हणजे "२३१०". '*' तर आणखी गमतीचा. "२३" * ३ लिहिलं की "२३२३२३" मिळतं, पायथनची काही तक्रार नाही. "२३" - "१०" केलं तर मात्र लगेच टाइपएरर. एका बाजूला आकडा आणि दुसऱ्या बाजूला स्ट्रिंग ठेवून '+' केलं तरी तोच एरर. प्रिंटमध्ये मजकुरापुढे '+' न लावता स्वल्पविराम दिला की हा प्रश्नच येत नाही.

लाल अक्षरांतल्या एररला घाबरू नका. तो कुठल्या ओळीत, काय बिघडलं ते सांगतो. खरा घात करतात त्या चुका ज्यांत प्रोग्राम गुपचूप चुकीचं उत्तर देतो.

त्यातली एक सौद्यातच सापडते. तीन बोल्या लागल्या: ९५००, १४२००, १३८५०. त्या स्ट्रिंग म्हणूनच यादीत ठेवल्या आणि मॅक्स() ला सर्वांत मोठी विचारली, तर उत्तर मिळतं "९५००". स्ट्रिंगची तुलना शब्दकोशासारखी डावीकडच्या पहिल्या अक्षरापासून होते, आणि नऊ हे एकापेक्षा मोठं. इथे एरर नाही, इशारा नाही, शेतकरी मात्र क्विंटलमागे ४७०० रुपयांनी बुडाला. '>' आणि '<' सुद्धा असेच वागतात. '==' तर ५ आणि "५" यांना सरळ वेगळं ठरवतो आणि गप्प बसतो.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. इंट() ला देवनागरी अंक कळतात. इनपुटला कुणी "२५" असं मराठीत भरलं तरी इंट() पंचवीसच देतो, फ्लोट() सुद्धा "२५.५" समजून घेतो. पण बदल करण्याआधी तुलना केली, तर मराठी अंकांतले पंचवीस आणि इंग्रजी अंकांतले पंचवीस या दोन वेगळ्या स्ट्रिंग आहेत. म्हणून आकडा आत येतो त्याच ओळीत प्रकार बदला, पाच ओळींनंतर नको. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र सिंटॅक्सएरर येतो.

इंट() काही बाबतींत हट्टी आहे. मागे-पुढे मोकळी जागा चालते. "१४,२००" मधला स्वल्पविराम चालत नाही, "१४२०० रु" चालत नाही, नुसतं एंटर दाबलेलं चालत नाही, सगळीकडे व्हॅल्यूएरर. स्वल्पविराम काढायला .रिप्लेस(",", "") लावा आणि मग बदला. "११६१.५" ही स्ट्रिंगही इंट() ला चालत नाही, आधी फ्लोट() मधून न्यावी लागते. वजन भरणारा माणूस पॉइंट टाकणारच, म्हणून वजनाला फ्लोट. पोती मोजून असतात, त्यांना इंट.

चुकीचं भरलं तर पुन्हा विचारायचं असेल तर:

व्हाइल ट्रू:
    ट्राय:
        पोती = इंट(इनपुट("पोती किती? "))
        ब्रेक
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("नुसता आकडा भरा, उदाहरणार्थ २३")

ट्रू या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि व्हॅल्यूएररमध्ये व्हॅल्यू व एरर या दोन्हींचं पहिलं अक्षर कॅपिटल. बाकी सगळं छोट्या लिपीत.

आता तो '.०'. वजन आणि भाव फ्लोट होते, म्हणून उत्तरही फ्लोट. शिवाय पायथन ३ मध्ये '/' चं उत्तर कायम फ्लोट असतं, भाग पूर्ण गेला तरी. १० / २ म्हणजे ५.०. पायथन २ मध्ये ५ / २ चं उत्तर २ येई. जुन्या झेरॉक्स नोट्समध्ये ते तसंच छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. पूर्ण भाग हवा तर '//', बाकी हवी तर '%'. तासगावकडच्या बेदाण्याच्या १५ किलोच्या पेट्या घ्या: ४३७ किलो मालाच्या ४३७ // १५ म्हणजे २९ पेट्या, आणि ४३७ % १५ म्हणजे २ किलो सुटा. एक बारकावा: '//' खालच्या आकड्याकडे जातो, तर इंट() शून्याकडे. -७ // २ चं उत्तर -४, पण इंट(-३.५) चं -३.

क्रमाचं बोलू. गुणाकार, भागाकार, '//' आणि '%' आधी, बेरीज-वजाबाकी नंतर. 'वजन - पोती * ०.५' मध्ये कंस नसूनही उत्तर बरोबर आलं ते यामुळे. उगाच सावधगिरी म्हणून '(वजन - ०.५) * पोती' लिहिलं, तर २३ पोत्यांत २६७०३ किलो हळद निघते. उत्तर आलं की ते डोळ्यांना पटतंय का ते बघा.

फ्लोटला इंटमध्ये ढकलताना होणारी चूक सर्वांत उशिरा लक्षात येते. १.१५ क्विंटलचे किलो करा: इंट(१.१५ * १००). उत्तर ११४. एक किलो हळद गेली, म्हणजे वरच्या भावाने १४२ रुपये. कारण १.१५ हा आकडा द्विमान पद्धतीत अचूक मावत नाही, जसा एक तृतीयांश दशांशात मावत नाही. आत तो १.१५ पेक्षा किंचित कमी साठतो, गुणाकार ११४.९९९९९९९९९९९९९९ होतो आणि इंट() पॉइंटनंतरचं सगळं कापून टाकतो, जवळच्या आकड्याकडे नेत नाही. राउंड(१.१५ * १००) लिहिलं की ११५ मिळतात. तरी राउंड(२.५) चं उत्तर २ येतं हे ध्यानात ठेवा, बरोबर मधोमध असलेला आकडा तो जवळच्या सम संख्येकडे नेतो. पैशाचा हिशेब पक्का हवा असेल तर रक्कम पैशांत आणि वजन ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून ठेवा, नाहीतर डेसिमल मॉड्यूल आणा. त्याला आकडा अवतरणात द्यायचा, डेसिमल("१.१५") असा (इथे डेसिमलचं पहिलं अक्षर कॅपिटल), अवतरण विसरलात तर तोच किंचित कमी आकडा आत जातो.

शेवटी अटींबद्दल दोन गोष्टी. 'इफ भाव == १४२०० ऑर १३८५०' ही अट कायम खरी ठरते, कारण ऑरच्या पुढचा एकटा १३८५० शून्य नाही आणि पायथन त्याला खराच धरतो. दोन्हीकडे 'भाव ==' लिहा. आणि हमाली माफ आहे का, असं विचारून उत्तर बूल() मध्ये टाकू नका: बूल("०") हे ट्रू, बूल("नाही") हेही ट्रू. फक्त रिकामी स्ट्रिंग फॉल्स असते. तिथे उत्तर थेट "हो" शी '==' ने ताडा, आणि त्याआधी .स्ट्रिप() लावून मागे-पुढे राहिलेली मोकळी जागा झाडून घ्या.