शेळी गोल फिरतेय? पावसाळ्याआधी औषध कुत्र्याला द्या

शेळी कळप सोडून एकाच बाजूला गोल फिरते, मान तिरकी धरते, भिंतीला डोके टेकवून उभी राहते, एका डोळ्याने तिला दिसेनासे होते. अशा वेळी मेंदूत पट्टकृमीच्या (फितीसारख्या चपट्या जंताच्या) अळीची पाण्याची गाठ असल्याचा संशय घ्यावा. लागण झाल्यावर ही लक्षणे दिसायला बहुधा 2 ते 8 महिने जातात.

पूर्ण वाढलेला कृमी राहतो कुत्र्याच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर येतात आणि चरताना शेळीच्या पोटात जातात. त्यामुळे या रोगासाठी शेळीच्या लेंड्या तपासून काही हाती लागत नाही, आणि नेहमीच्या जंतनाशकाने ही गाठ जाईल अशी आशाही धरू नये. कडक उन्हात अंडी लवकर मरतात, ओलाव्यात महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून पाऊस पडायच्या आधीच गोठ्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे पट्टकृमी मारणारे औषध द्यावे.

मात्रा दर किलो वजनाला 5 मिलिग्रॅम. गोळी 50 मिलिग्रॅमची असेल तर 10 किलोच्या कुत्र्याला एक, 15 किलोच्या कुत्र्याला दीड. वजन अंदाजाने धरू नका. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा. गोळी कडू असते, चुरून खाण्यात मिसळली तर कुत्रे तोंड लावत नाही. ती जिभेच्या मुळाशी ठेवून, गिळेपर्यंत जबडा मिटून धरा. उपाशी ठेवायची गरज नाही. 4 आठवड्यांच्या आतील पिलांना हे औषध देऊ नये.

औषधाने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. कुत्रे 2 दिवस बांधून ठेवा, विष्ठा गोळा करून जाळा किंवा खोल पुरा. दर 6 आठवड्यांनी मात्रा पुन्हा द्या, कारण नव्याने लागलेला कृमी साधारण तेवढ्या काळात अंडी सोडू लागतो.

एवढे करूनही मेलेल्या शेळीचे डोके किंवा पाण्याच्या पिशव्या असलेले यकृत, फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकले, तर सगळे वाया गेले. बहुतेक कळपांत रोग हटत नाही तो इथेच. असे अवयव जाळा, खोल पुरा, नाहीतर निदान अर्धा तास खळखळून उकळा. कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या दुसऱ्या एका जातीच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात आणि फुफ्फुसात अशाच गाठी होतात. कुत्र्याला हाताळल्यावर साबणाने हात धुवा. नेहमीची जंतुनाशके या अंड्यांवर चालत नाहीत. भांडी, फरशी यांवर उकळते पाणी ओता.

गोल फिरणाऱ्या शेळीला ताप असेल, एक कान लोंबत असेल, लाळ गळत असेल, तर तो लिस्टेरिया या जिवाणूचा आजार असू शकतो. तिला त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा. उशीर झाला तर प्रतिजैविकांचाही उपयोग होत नाही.